मवाळ कॉलेजची खोटी मापे

अमेरिकेतले लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंत शिकवणारी, छोटी आणि बहुतांशी निवासी संस्था. विद्यार्थी साधारण दीड ते अडीच हजार. पीएच.डी.चे विद्यार्थी जवळपास नसतातच, त्यामुळे वर्गावर येतो तो प्राध्यापक स्वतः, त्याचा सहायक नव्हे. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वॉर्थमोर, मिडलबरी, केन्यन, डेव्हिडसन ही त्यांतली ओळखीची नावे. या प्रकाराच्या नावातले दोन्ही शब्द मराठी घरात घोटाळा करतात. ‘आर्ट्स’ म्हणजे दहावीनंतरची कला शाखा नव्हे. इंजिनिअरिंगसाठी नावाजलेले कॅलिफोर्नियातले हार्वी मड स्वतःला लिबरल आर्ट्स कॉलेजच म्हणवते. आणि ‘लिबरल’चा डेमोक्रॅटिक पक्षाशी संबंध नाही. व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विद्या मध्ययुगीन युरोपात स्वतंत्र माणसाला साजेशा मानल्या जात, त्यांचे हे नाव.

गेल्या दहा वर्षांत अशा कॉलेजांच्या शोधात एक नवी अट शिरली आहे: कॅम्पस ‘मॉडरेट’ हवा. फार डावा नको, फार उजवा नको. पोर शिकायला चालले आहे, मोर्चात सापडायला नको. राहण्याजेवणासह वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर आकडा सांगणाऱ्या संस्थेबद्दल एवढी चौकशी कुणीही करील, मग ते घर न्यू जर्सीतले असो की कोथरुडातले. चौकशीत गैर काही नाही, गैर आहेत ती तिच्यासाठी सर्रास वापरली जाणारी मापे. कोणत्या कॉलेजात गोंधळ झाला, ते कोणत्या राज्यात आहे, अमुक यादीत नंबर कितवा आणि प्राध्यापक कोणत्या पक्षाचे, एवढ्यावर कॉलेजला शिक्का मारला जातो. ही चारही मापे फसवी आहेत.

मराठीला ‘मॉडरेट’साठी शब्द शोधावा लागत नाही. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये जोडा भिरकावला गेला, मंडपात खुर्च्या उडाल्या आणि मवाळ व जहाल अशी उघड फूट पडली. मवाळांचे अग्रणी गोपाळ कृष्ण गोखले. पण १९०२ च्या अर्थसंकल्पावरचे त्यांचे भाषण ज्याने वाचले आहे, तो मवाळ म्हणजे गप्प किंवा मिळमिळीत असे म्हणणार नाही. सरकारच्या तिजोरीतली शिल्लक ही भरभराटीची खूण नसून दुष्काळात होरपळलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची खूण आहे, हे त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आकडे मांडून सांगितले. भूमिका कडक आणि रीत संयमी, असा तो मवाळपणा होता.

कॅम्पसविषयी बोलताना नेमकी इथेच गल्लत होते. ‘मॉडरेट’ म्हणताना कुणाला वेगवेगळ्या मतांची सरमिसळ अभिप्रेत असते, कुणाला शांतता, तर कुणाला मतभेद हाताळण्याची रीत. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. एकाच मताचे कॉलेज अगदी शांत असू शकते; किंबहुना तेच सर्वांत शांत असते. पालक मागतात सरमिसळ, मनात असते शांतता, आणि मुलाला चार वर्षे उपयोगी पडते ती रीत.

पहिले माप गोंधळाचे. या वादात मिडलबरीचे नाव हमखास निघते. २ मार्च २०१७ रोजी व्हरमाँटमधल्या या कॉलेजात चार्ल्स मरे यांचे व्याख्यान होते. बुद्ध्यांक आणि वंश यांचा संबंध जोडणाऱ्या १९९४ च्या पुस्तकाचे ते सहलेखक. त्या दिवशी मात्र बोलायचे होते गोऱ्या कामगारवर्गाच्या वाताहतीवर. विद्यार्थ्यांनी उभे राहून पाठ फिरवली, घोषणा थांबेनात. शेवटी कार्यक्रम दुसऱ्या खोलीत नेऊन कॅमेऱ्यासमोर उरकावा लागला. तिथून बाहेर पडताना झालेल्या झटापटीत अ‍ॅलिसन स्टँगर या प्राध्यापिकेच्या मानेला इजा झाली. त्या मरे यांच्या समर्थक नव्हत्या. त्यांना अडचणीचे प्रश्न विचारण्यासाठी बसल्या होत्या. साठहून अधिक विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, पण निलंबन एकाचेही नाही.

एवढ्यावर मिडलबरीवर काट मारणाऱ्यांनी दोन वर्षांनंतरचा प्रसंगही पाहायला हवा. एप्रिल २०१९ मध्ये पोलंडचे उजवे विचारवंत आणि राजकारणी रिशार्ड लेगुटको तिथे येणार होते. सुरक्षिततेचे कारण देऊन कॉलेजने त्यांचे जाहीर व्याख्यान ऐनवेळी रद्द केले. त्याच दिवशी राज्यशास्त्राच्या एका छोट्या वर्गाने गुप्त मतदान घेऊन त्यांना आपल्या तासाला बोलावले आणि ते तिथे येऊन बोलले. प्रशासन घाबरले, वर्ग घाबरला नाही. आता हे कॉलेज मवाळ की जहाल? उत्तर देता येत नाही, कारण ‘कॅम्पसची संस्कृती’ ही एकच एक वस्तू नसते. कुलसचिवाच्या दालनात एक संस्कृती असते, मेसमध्ये दुसरी आणि तळमजल्यावरच्या सेमिनारच्या खोलीत तिसरी.

मिडलबरीनंतर साधारण महिनाभराने कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट मकेनाचा नंबर लागला. या कॉलेजात अ‍ॅथेनियम नावाची एक वास्तू आहे. आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी तिथे आधी पंगत आणि मग पाहुण्याचे भाषण असते. विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच टेबलावर जेवतात. ६ एप्रिल २०१७ रोजी पोलिसांची बाजू मांडणाऱ्या लेखिका हीदर मॅकडोनल्ड यांचे भाषण होते. निदर्शकांनी दारे अडवली आणि मॅकडोनल्ड यांना जवळजवळ रिकाम्या सभागृहात इंटरनेटवरून बोलावे लागले. इथवर गोष्ट मिडलबरीसारखीच आहे. पण या कॉलेजाने सात विद्यार्थ्यांना दोषी धरले आणि त्यांतल्या पाचांना निलंबित केले, तिघांना तर वर्षभरासाठी. पाहुणे बोलावणेही थांबवले नाही. २०२१ साली अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फायर या संस्थेने १५४ कॉलेजे आणि विद्यापीठांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला क्रमांक क्लेअरमाँट मकेनाचा होता. गोंधळाच्या बातम्यांवरून कॉलेज निवडणाऱ्याने २०१७ मध्येच हे नाव खोडले असते.

दुसरे माप नकाशाचे. किनाऱ्यावरची राज्ये डावी, मधली समंजस, म्हणून मध्य-पश्चिमेतले कॉलेज घ्यावे, असा सल्ला प्रवेश समुपदेशकही देतात. फायरच्या त्याच यादीत शेवटचा, १५४ वा क्रमांक होता डीपॉ या कॉलेजचा, आणि डीपॉ आहे इंडियानात. रिपब्लिकन राज्य, मक्याची शेते, लहानसे गाव, तरीही शेवटून पहिले. आदल्या वर्षीच्या ५५ संस्थांच्या यादीतही तेच तळाला होते. फुटबॉलमध्ये डीपॉचे हाडवैर असलेले वॉबॅश तिथून तासाभराहून कमी अंतरावर आहे. फक्त मुलांसाठीच्या त्या कॉलेजात वर्तनाचा नियम मुळात एकच: कॅम्पसवर आणि बाहेरही सभ्य गृहस्थासारखे आणि जबाबदार नागरिकासारखे वागावे. शेजारीशेजारी, एकाच राज्यातली ही दोन कॉलेजे. राज्याच्या निवडणूक निकालावरून वर्गातले वातावरण सांगणे म्हणजे गावाच्या पावसावरून घरातल्या टाकीतले पाणी मोजणे झाले.

मग यादीच प्रमाण का मानू नये? तिसरे माप तेच. फायरची यादी उपयोगाची आहे, वर तिचाच आधार घेतला आहे. पण ती मोजते काय, हे पाहिले पाहिजे. विद्यार्थ्यांची सर्वेक्षणे, कॉलेजचे लेखी नियम आणि घडलेल्या घटना मिळून तिचे गुण ठरतात. संस्थेचे धोरण बदलले किंवा एक वाईट सत्र गेले की क्रमांक झपाट्याने वरखाली होतो. ऑगस्टमध्ये दाखल होणाऱ्या मुलाची चार वर्षे त्या क्रमांकाला बांधलेली नसतात. शिवाय मिशिगनमधल्या हिल्सडेलसारखी कॉलेजे या क्रमवारीत वेगळी काढलेली आहेत, कारण अभिव्यक्तिस्वातंत्र्यापेक्षा वेगळी मूल्ये आपण वर ठेवतो असे ती स्वतःच सांगतात. हिल्सडेल सरकारचा एक डॉलरही घेत नाही आणि आपली उजवी वैचारिक ओळख लपवत नाही. ते प्रामाणिक आहे, मॉडरेट नाही. दोन्ही एकच समजून तिथे मूल पाठवणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

चौथे माप सर्वांत वजनदार आहे आणि ते उडवून लावता येणार नाही. मिचेल लँगबर्ट यांनी २०१८ साली ५१ नामांकित लिबरल आर्ट्स कॉलेजांतल्या ८,६८८ प्राध्यापकांची मतदार नोंदणी तपासली. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांचे प्रमाण १०.४ ला १ निघाले. वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिसच्या लष्करी संस्था वगळल्या तर १२.७ ला १. याने काही बिघडत नाही, शिक्षक आपले राजकारण वर्गाबाहेर ठेवतात, असे म्हणणारे स्वतःची समजूत घालतात. ज्या मताचा एकही माणूस स्टाफरूममध्ये नाही, ते मत वर्गात त्याच्या सर्वांत दुबळ्या रूपात पोचते, हे कुणीही शिकवणारा जाणतो.

तरीही हे गुणोत्तर निवडीचे माप म्हणून निकामी आहे. एक तर ते जवळपास सर्वत्र एकाच बाजूला झुकलेले असल्याने दोन कॉलेजांतला फरक त्यातून कळत नाही. दुसरे, त्याच पाहणीत इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांत हे प्रमाण दोनाला एकच्याही खाली होते आणि इंग्रजीत अठ्ठेचाळीसला एकच्या आसपास. म्हणजे एकाच कॉलेजात विद्यार्थी कोणत्या इमारतीत जास्त बसतो, यावर त्याचा अनुभव ठरतो. तिसरे कारण पुण्यात सापडते. टिळक, आगरकर आणि गोखले हे तिघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीत एकाच वेळी शिकवत होते. याहून भारी सरमिसळ कुठल्या कॉलेजाच्या नशिबी आली असेल? पण मतभेद पेलण्याची रीत संस्थेला बसवता आली नाही. सामाजिक सुधारणेवरून आणि संस्थेच्या कारभारावरून वाद विकोपाला गेले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. गुणोत्तर आदर्श होते, संस्था दुभंगली.

या चार मापांच्या गर्दीत एक साधी गोष्ट बाजूला राहते: आकार. चाळीस हजारांच्या विद्यापीठात ज्याचे कुणाशी पटत नाही तो आपला कोपरा शोधतो. सोळाशेच्या कॉलेजात कोपरा नसतो. सकाळी वर्गात ज्याच्याशी गर्भपाताच्या कायद्यावरून वाजले, तोच दुपारी मेसच्या रांगेत ट्रे घेऊन पुढे उभा असतो आणि रात्री होस्टेलच्या त्याच मजल्यावर दात घासत असतो. अशा ठिकाणी मुले तोंड मिटून घेतात ती प्राध्यापकाच्या गुणांच्या धाकाने कमी आणि जेवणाच्या टेबलावर एकटे पडण्याच्या भीतीने जास्त. ही भीती कोणत्याही पक्षाची नसते. हिल्सडेलमधला डावा आणि डाव्या वळणाच्या ओबर्लिन कॉलेजातला उजवा यांची रात्र सारखीच जाते. म्हणून आकार हा या कॉलेजांचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा धोकाही आहे.

कॅम्पस मवाळ करायचा तर वरून हुकूम काढावा, असे मानणारा एक पक्ष अलीकडे पुढे आला आहे. फ्लोरिडातल्या सॅरासोटाचे न्यू कॉलेज हे सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेज. जानेवारी २०२३ मध्ये राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी त्याच्या विश्वस्त मंडळावर एकदम सहा नवे सदस्य नेमले. महिना संपायच्या आत अध्यक्षा गेल्या, उन्हाळ्यात लिंगभाव अभ्यासाचा कार्यक्रम बंद करण्याचा ठराव झाला आणि शरद सत्र उजाडेपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त प्राध्यापक बाहेर पडले होते. डावीकडे कललेला काटा असा दुसरीकडे रेटला की तो मध्यावर थांबत नाही.

भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर आणखी एक थर लागतो, ज्याचा उल्लेख कॉलेजांच्या चकचकीत माहितीपत्रकांत नसतो. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका परदेशी विद्यार्थिनीला रस्त्यावरून ताब्यात घेण्यात आले. तिचा व्हिसा रद्द झाला होता आणि विद्यार्थी वृत्तपत्रात तिने सहलेखकांबरोबर लिहिलेला एक लेख या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होता. जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगण्यात आले. कॉलेज कितीही समतोल असले तरी एफ-१ व्हिसावरच्या मुलाच्या बोलण्याची किंमत ते ठरवत नाही. अशा वेळी परदेशी विद्यार्थ्यांना कायदेशीर मदत द्यायला कोणत्या कॉलेजाकडे माणूस आणि पैसा आहे, हा प्रश्न प्राध्यापकांच्या पक्षापेक्षा जास्त कामाचा.

मग पाहायचे काय? रीत दिसते ती कागदावर आणि खोलीत. खासगी कॉलेजांना अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती थेट लागू होत नाही; ती पाळणे सरकारी संस्थांवर बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात १९९२ च्या लिओनार्ड कायद्याने धार्मिक नसलेल्या खासगी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही ते संरक्षण दिले, इतरत्र कॉलेजची नियमपुस्तिका हाच करार. त्यामुळे पुस्तिकेत निदर्शनाला परवानगी आणि भाषण बंद पाडायला मनाई अशी दोन्ही कलमे स्पष्ट आहेत का, हे आधी वाचावे. त्यानंतर ते कलम शेवटचे कधी वापरले आणि कुणाविरुद्ध, हे विचारावे. शिकागो विद्यापीठाचे २०१५ चे अभिव्यक्तीविषयक निवेदन पुष्कळ कॉलेजांनी स्वीकारले आहे. स्वीकारणे सोपे असते, ठराव एका बैठकीत होतो. त्याच विद्यापीठाच्या १९६७ च्या कॅल्व्हेन अहवालातले तत्त्व पाळणे जास्त कठीण: वादग्रस्त प्रश्नावर संस्थेने स्वतः बाजू घेऊ नये, बाजू घ्यायची ती शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी. अध्यक्षांच्या मागच्या तीन वर्षांच्या पत्रांवरून नजर फिरवली तरी कॉलेज या बाबतीत कुठे उभे आहे ते कळते.

वाचनयाद्या त्याहून बोलक्या. अमेरिकेतल्या तुरुंगांवरचा कोर्स असेल तर मिशेल अलेक्झांडर यांचे ‘द न्यू जिम क्रो’ यादीत असणारच. त्याच्या शेजारी जेम्स फोरमन ज्युनिअर आहेत का? फोरमन हे काही उजवे नव्हेत. वॉशिंग्टनमध्ये आरोपींची बाजू लढवलेले वकील. पण अलेक्झांडर यांच्या मांडणीत हिंसक गुन्ह्यांचा आणि कृष्णवर्णीयांनीच केलेल्या कडक कायद्यांच्या मागणीचा हिशेब नीट लागत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि त्या मागणीवरच्या त्यांच्या पुस्तकाला २०१८ चे पुलित्झर मिळाले. दोन्ही पुस्तके ठेवणारा प्राध्यापक कोणत्या पक्षाला मत देतो, याची चौकशी करायची गरज उरत नाही.

काही कॉलेजांनी रीत थेट दिनक्रमात बसवली आहे. अ‍ॅनापोलिस आणि सांता फे असे दोन कॅम्पस असलेल्या सेंट जॉन्समध्ये १९३७ पासून सगळे विद्यार्थी मूळ ग्रंथ वाचतात. आठवड्यातून दोन रात्री पंधरा-वीस जण लांब टेबलाभोवती बसतात. दोन शिक्षकांपैकी एक जण प्रश्न टाकतो आणि गप्प होतो. विद्यार्थी एकमेकांना आदराने आडनावाने हाक मारतात अशी तिथली परंपरा. प्लेटोवर चिडलेल्या मुलालाही समोरच्याला ‘मिस्टर अमुक’ म्हणून सुरुवात करावी लागते, आणि तेवढ्या दोन शब्दांत आवाज अर्ध्या पट्टीने खाली येतो. व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड लीमध्ये १९०८ पासून विद्यार्थी मॉक कन्व्हेन्शन भरवतात. विरोधी पक्ष अध्यक्षपदासाठी कुणाला उभे करील, हे ओळखायचे असते. आपला आवडता उमेदवार कोण, याला तिथे किंमत नाही. भाकीत चुकले तर हसे होते. राजकारण वर्ज्य न करता तापमान कसे राखावे, याचा याहून चांगला नमुना या कॉलेजांत क्वचित सापडतो.

कॅम्पस टूरवर यातले काही दिसत नाही. उलटे चालत बोलणारा तो हसतमुख विद्यार्थी कॉलेजच्या पगारावर असतो. त्याऐवजी एका पूर्ण तासाला मागे बसण्याची परवानगी मागावी, ती बहुधा मिळते. तासाला कुणी काही चुकीचे किंवा नको ते बोलले, तर पुढच्या दहा सेकंदांत काय होते तेवढे पाहावे: कुणी त्याला उत्तर देते, की सगळे वहीत बघतात. आणि ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी विद्यार्थी वृत्तपत्राचे गेल्या वर्षीचे अंक चाळावेत. संपादकांच्या मताविरुद्ध गेलेली पत्रे छापली आहेत का, आणि ती लिहिणाऱ्यांनी नाव दिले आहे की ‘एक विद्यार्थी’ म्हणून सही केली आहे, हे तिथे दिसते.

यासाठी मुदत थोडी असते. बहुतेक कॉलेजांत अर्ली डिसिजनचा, म्हणजे बंधनकारक, अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत भरावा लागतो. त्याबरोबरच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात.